खांदा बघून पास

शपथेवर सांगतो, ही हकीकत शंभर टक्के खरी आहे. (बरं, नव्वद धरा. बायको वाचणार आहे, त्यामुळे त्याखाली उतरता येत नाही.)

मी एका कचेरीत चौकशीच्या खिडकीत बसतो. लोक विचारतात, मी हसून "दुसरा मजला, डावीकडे" म्हणतो. गेली काही वर्षं ते काय विचारतात हे मला नीट ऐकू येत नव्हतं; पण अडलं काहीच नाही. निम्म्या लोकांचं काम दुसऱ्या मजल्यावरच असतं आणि उरलेल्यांना कुठंही पाठवलं तरी परत यावंच लागतं.

बायको मात्र हटून बसली. "अहो, कान तपासून घ्या. तीनदा सांगितल्याशिवाय काही पोचत नाही तुमच्यापर्यंत."

"माझे कान ठणठणीत आहेत!"

"मग मी आत्ता काय म्हणाले?"

"हेच की, माझे कान ठणठणीत आहेत."

तपासणी ठरली. मीही मनाशी ठरवलं, नापास व्हायचं नाही. कानात यंत्र घालून चौकशीच्या खिडकीत बसायचं म्हणजे चष्मेवाल्यानं चाचपडत दुकान उघडण्यासारखं!

कान तपासणाऱ्या बाईंनी मला एका बंद, काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. "बारीकशी शिट्टी ऐकू आली की दाबायचं."

मिनिटभर वाट पाहिली. कानात स्मशानशांतता. मग माझ्या लक्षात आलं, काचेपलीकडे बाई यंत्राची कळ दाबताना त्यांचा उजवा खांदा किंचित उचलला जातो. झालं! खांदा वर, बटण खाली. मध्ये बाई दोनदा शिंकल्या. मी दोनदा बटण दाबलं.

"कमाल आहे!" रिपोर्ट बघत बाई ओरडल्या. (ओरडल्या म्हणून ऐकू आलं.) "या वयात इतके तल्लख कान!"

मी विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

घरी आल्यावर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "म्हणजे तुम्हाला सगळं ऐकू येत होतं?"

"एकूण एक!" (इथं माणसानं गप्प बसावं.)

"आईच्या ऑपरेशनला 'माझ्याबरोबर चला, मला भीती वाटते' म्हणाले होते, तेही? तुम्ही पेपरमागून 'हं' म्हणालात आणि मी एकटी गेले."

हे मी आज पहिल्यांदा ऐकत होतो.

"ऐकू येत नाही बिचाऱ्याला, म्हणून इतकी वर्षं सोडून दिलं. आता काय म्हणून सोडू?"

आणि ती माझ्याशी बोलायची बंद झाली. (पहिले दोन दिवस मला पत्ताच नव्हता.)

तिसऱ्या दिवशी तिचे ओठ हलत नाहीत हे दिसलं. बहिरा ठरायचं की दगड, एवढंच हातात होतं. मी ताठ मानेनं तिच्यासमोर उभा राहिलो. म्हणालो, "मी बहिरा आहे. खांदा बघून पास झालो."

ती मला हाताला धरून पुन्हा बाईंकडे घेऊन गेली.

"तरीच!" बाई म्हणाल्या. "माझ्या शिंका कुठल्या पट्टीतल्या, याचाच मी विचार करत होते."

या वेळी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. आलेखाची रेघ जिन्यावरून गडगडल्यासारखी खाली गेली. दोन्ही कानांत यंत्रं आली. सुरुवातीला शांत खोलीत, समोर बसून, एकाच माणसाचं बोलणं ऐकायचा सराव करा, असं बाईंनी बजावलं. तो एक माणूस माझ्यासाठी आधीच तयार होता. साठलेलं बरंच होतं.

पहिल्याच दिवशी ती हळूच म्हणाली, "आईकडे जायचंय."

"मी येतो!" मी चपला घातल्यासुद्धा.

"रविवारी, अहो."

आता राहिले ते दहा टक्के. ताठ मानेनं कबुली दिली, हे मी रचलं. खरं म्हणजे न्हाणीघराचं दार लावून, आरशासमोर, अगदी कुजबुजत मी माफीची तालीम करत होतो. कुजबूज म्हणजे किती, याचा अंदाज सुटला होता. बाहेर आलो तर बायको डोळे पुसत हसत होती. खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणे खिडकीतून ओरडला, "साहेब, दुसऱ्यांदा म्हणालात तेच चांगलं होतं, तेच म्हणा!"

हे बायकोनं मागाहून सांगितलं. मला ऐकू आलं नव्हतं. मी चौथ्यांदा म्हटलेलं म्हणालो.