न वाजणारं इंजिन

हरिभाऊ केदारींना कुणी काहीही सांगितलं, तरी त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "कोन म्हनतं?" आज गुरुवार आहे म्हटलं तरी हेच. गाडी वीस मिनिटं उशिरा येतेय, असं खुद्द स्टेशनमास्तरांनी सांगितलं तरी हेच. एकदा मी त्यांना नुसता रामराम घातला, तेव्हाही ते हेच पुटपुटले असा माझा अंदाज आहे.

लोणावळ्यात आमच्या दोन खोल्या आणि त्यांची एक खोली यांच्यामध्ये कुडाची भिंत होती. मी पुण्याच्या एका दैनिकाला मावळातल्या बातम्या पाठवत असे. बातमीदारानं दोन्ही बाजू ऐकाव्यात अशी आमच्या धंद्यातली रीत. हरिभाऊंना ती मान्य नव्हती. "मानसाला इचारू नये, पेपरवाले. मानूस कुनाच्या तरी वतीनं बोलतो. इंजिनाला इचारावं."

ते रेल्वेच्या शेडमध्ये वाफेच्या इंजिनांचे फिटर होते. घाटात विजेची इंजिनं आली, फिटर कमी झाले आणि हरिभाऊ घरी बसले. विजेच्या इंजिनांवर त्यांचा राग नव्हता, संशय होता. "वाफेचं इंजिन कन्हतं, खोकतं, शिव्या देतं. ह्ये नुस्तं जातं. जे बोलत न्हाई त्येच्या पोटात काय हाय, कुनाला ठावं?"

पुढे ते मोटारी तपासू लागले. त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे जुन्या हातोड्याचा हातभर लाकडी दांडा. एक टोक चालू इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानाला. डोळे मिटलेले. ड्रायव्हरनं मध्ये तोंड उघडलं की "गप." मग उलटतपासणी.

"तेल कदी बदललं?"

"गेल्या महिन्यात, हरिभाऊ."

"कोन म्हनतं?"

"मीच म्हणतो की."

"तू सोडून कोन म्हनतं?"

त्यांची ही पाळत मोटारींपुरती राहिली असती तर माझी तक्रार नव्हती. आमच्या घरात सकाळी थोडी शांतता वाटली की ते दारात हजर. "आज भांडी वाजली न्हाईत, आक्का?"

"एकादशी आहे," आई म्हणे.

"कोन म्हनतं?"

"पंचांग म्हणतं!" आई दार लोटून घेई आणि मला विचारी, "या मेल्याला आपल्या भांड्यांशी काय करायचंय?"

मलाही ते कळत नव्हतं. एकदा मागच्या दारानं गेलो, तर हरिभाऊ पाटावर बसलेले, दांड्याचं एक टोक आमच्या भिंतीला आणि दुसरं कानाला. मी विचारलं, काय चाललंय? "भित ऐकतोय. वाळवी हाय." मी दोन्ही बाजूंनी भिंत तपासली. वाळवी नव्हती. तेव्हापासून घरातलं महत्त्वाचं बोलणं आम्ही हळू आवाजात करू लागलो. त्यामुळे ते आणखीच वारंवार दारात येऊ लागले.

अशातच माझा धाकटा भाऊ वसंत पुण्याची कारकुनी सोडून आला. त्याला लोणावळा स्टेशनवरून भाड्याची मोटार चालवायची होती. हवा खायला आलेल्यांना कार्ल्याची लेणी दाखवायची, खंडाळ्याला न्यायचं, जमेल तेव्हा घाट उतरवून खोपोलीला सोडायचं. मुंबईच्या एका दलालानं जुनी पण देखणी मोटार दारात आणून उभी केली. वडिलांच्या मागे आमच्याकडे जे काही उरलं होतं ते सगळं त्या मोटारीत जाणार होतं. गाडी खोटी निघाली, तर नोकरी सुटलेली, घर रिकामं आणि घाटात गिऱ्हाइकांचा जीव टांगणीला.

वसंतनं हरिभाऊंना बोलावलं. दलाल हसून म्हणाला, "बघा, बघा. इंजिन मांजरीच्या पावलानं चालतं."

"कोन म्हनतं?" हरिभाऊ म्हणाले आणि दांडा लावून बसले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. आवाज खरोखरच नव्हता. समोरच्या फळीवरचा तेलाचा दाब दाखवणारा काटा छान वर होता. मग त्यांनी वसंतला गाडी मळवलीपर्यंत पळवून आणायला सांगितलं. गाडी तापून परत आली, उभ्या जागी चालू ठेवली, तेव्हा काटा हळूहळू खाली बसला.

"काटा जुना आहे हो," दलाल म्हणाला. "मुंबईत दोन घटकांत बदलून मिळतो. दाब खरंच कमी असता तर इंजिन ठोके देऊ लागलं असतं. काही वाजतंय का?"

काहीच वाजत नव्हतं. वसंत म्हणाला, "हरिभाऊ, आता उगीच फाटे फोडू नका."

हरिभाऊ दांडा उचलून निघून गेले. थोड्या वेळानं मी स्टेशनवर गेलो, तर ते तुकारामशी कुजबुजत होते. स्टेशनवर भाड्याची मोटार तेवढी एकट्या तुकारामचीच होती. मला पाहून दोघे गप्प झाले. मी जे पाहिलं त्याचा अर्थ सरळ लावला. वसंतची गाडी रस्त्यावर न येण्यात तुकारामचा फायदा होता आणि त्यानं हरिभाऊंना फितवलं होतं. घरी येऊन वसंतला म्हणालो, "व्यवहार उरकून टाक."

व्यवहार उरकायच्या आत हरिभाऊ परत आले. हातात तुकारामच्या गाडीचा काटा होता. तो काढून घेण्यासाठीच त्यांची कुजबुज चालली होती. तुकारामला गयावया करताना आपल्याला शेजाऱ्यानं पाहावं, हे त्यांना आवडलं नव्हतं. त्यांनी तो काटा आमच्या गाडीला जोडला. गाडी अजून गरम होती, ती पुन्हा चालू केली. तुकारामचा काटाही खाली बसला.

"काटा खरं बोलतोय," हरिभाऊ म्हणाले. "इंजिन गप बसलंय. म्हंजे कुनीतरी त्येचं तोंड बांधलंय. वसंता, तळ उघड."

"गाडी अजून माझी आहे!" दलाल ओरडला.

"मंग घिऊन जावा की."

दलाल गाडी नेईना आणि उघडूही देईना. शेवटी वसंत म्हणाला, "उघडल्याशिवाय मी घेणार नाही." तेव्हा दलालानं नाइलाजानं मान डोलावली.

इंजिनाच्या तळाचं तेलाचं पात्र उतरवलं. तेल काकवीसारखं दाट होतं, थंड असताना काटा वर ठेवण्यासाठी ओतलेलं. हरिभाऊंनी इंजिनातल्या एका लोखंडी दांड्याचं बेरिंग सोडवलं. आत झिजलेल्या जागी चामड्याची पट्टी दुमडून बसवली होती. कुणाच्या तरी कमरेच्या पट्ट्याची. तिच्यामुळे ठोका ऐकू येत नव्हता. फार तर शेपन्नास मैल चालली असती, मग घाटात कुठंतरी दांडा तुटला असता. दलाल संध्याकाळच्या आत गाडी घेऊन गेला. कशी नेली ते मी विचारलं नाही.

हरिभाऊ ओट्यावर रॉकेलनं हात धूत होते. मी माझा संशय त्यांना सांगून टाकला आणि माफी मागितली. मग विचारलं, "आवाज नव्हता, हरिभाऊ. आवाज नाही म्हणून आम्ही सगळे खूश होतो. तुम्हाला शंका कशी आली?"

त्यांनी चामड्याची पट्टी उचलली. तिच्यावर बेरिंगचे व्रण उमटले होते.

"आमच्या मंडळींचं पोट दुकायचं," ते म्हणाले. "दोन वरीस. मला काय ठावं? शेडातला सैल बोल्ट मला घरबसल्या ऐकू यायचा. मी इचारायचो, बरी हाईस का? ती म्हनायची, बरी हाय. रातपाळी करून आलेल्या मानसाची झोप मोडू नये म्हनून." ते पट्टी बोटांत फिरवत राहिले. "ती गेल्यावर लुगडी वाटायला काढली. समद्या लुगड्यांचे पदर दातानं चावल्याले. भोकं पडल्याली."

त्यांनी पट्टी ओट्यावर ठेवली.

"समद्या दुनियेला इचारतो, कोन म्हनतं. तिला तेवढं इचारलं न्हाई."

रात्री जेवताना मी हे आईला सांगितलं. ती ताटं उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या आधी तिनं पितळी परात फरशीवर अशी आदळली की वसंत अंथरुणात उठून बसला. मागोमाग तांब्या वाजला, मग पळी. थोड्या वेळानं भिंतीपलीकडे काहीतरी लाकडी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.