ठकीच्या आईची ओळखपरेड

फोनने ठकीच्या आईला ओळखायला नकार दिला, तेव्हा ती दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभी होती आणि तिचा चेहरा सोललेल्या टोमॅटोसारखा झाला होता. तिने फोन लांब धरला, जवळ आणला, मग त्याच्याकडे बघून ओळखीचं हसून पाहिलं. गाल असे चरचरले की हसू तिने अर्ध्यावरच गिळलं. फोन ढिम्म. त्याने आकडे मागितले.

आकडे ठकीच्या बाबाने घालून दिले होते. "लक्षात ठेव हं," असं तो तेव्हा म्हणाला होता आणि ती "हो" म्हणाली होती. नवऱ्याच्या असल्या सूचनांना हो म्हणायचं असतं, त्या लक्षात कोण ठेवतं? तिने ठकीचा वाढदिवस घालून पाहिला, लग्नाची तारीख घातली, शेवटी मोठ्या आशेने स्वतःचा वाढदिवस घातला. फोन रुसला तो रुसलाच. आता तासभर थांबा म्हणाला.

एरवी याचं एवढं काही वाटलं नसतं. पण या परक्या देशात तिची जीभ त्या फोनमध्ये होती. इथल्या भाषेत तिला 'धन्यवाद', 'माफ करा' आणि 'साखर नको' एवढंच येत होतं. बाकीचा संसार फोनच बोलून दाखवायचा.

दवाखान्यातही तोच बोलला होता. कॉलेजात असताना आलेले मुरूम यथावकाश गेले, पण जाताना दोन्ही गालांवर खड्डे ठेवून गेले. "मला तर दिसतच नाहीत," असं ठकीचा बाबा म्हणायचा. ते प्रेमाने म्हणतो की बघतच नाही म्हणून, हे तिला लग्नाला पाच वर्षं झाली तरी कळलं नव्हतं. शेवटी तिने स्वतःच दवाखाना शोधला. फक्त सासूबाईंना कळू द्यायचं नाही, एवढं नवऱ्याकडून वदवून घेतलं.

डॉक्टरीणबाई हसतमुख होत्या. बारीक सुयांचं यंत्र गालावरून फिरवायच्या, थांबायच्या आणि विचारायच्या. मग फोन बातम्या दिल्यासारखा म्हणायचा, "आपणास वेदना होत आहेत काय?"

आता एवढी मोठी बाई आपल्यासाठी खपते आहे आणि तिला तोंडावर दुखतंय म्हणून सांगायचं, हे काही ठकीच्या आईच्या वळणात बसत नव्हतं. "छे छे, काही नाही," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी यंत्र थोडं वाढवलं.

"आता?"

"नाही नाही, छान आहे."

छान आहे म्हटल्यावर त्यांनी आणखी वाढवलं. शेवटी तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तेव्हा फोनने विचारलं, "आपण भावुक झाला आहात काय?" तिने मान डोलावली.

ते सगळं निभावलं होतं. ठकीला आज पाळणाघरातून बाबा घेणार होता आणि ती घरी जाऊन पडदे ओढून पडणार होती. पण पायऱ्यांवर त्या रुसलेल्या फोनच्या बंद पडद्यावर नवऱ्याचा निरोप उमटला, 'गोदामात अडकलो. आत जाताना फोन जमा करतायत. ठकीला तू घे.' निरोप वाचता येत होता, उत्तर देता येत नव्हतं. आणि पाळणाघर बंद व्हायच्या बेतात होतं.

ऊन लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तिने ओढणी डोक्यावरून, कानांवरून, नाकावरून गुंडाळली, वर काळा चष्मा चढवला आणि धापा टाकत पाळणाघराच्या दारात जाऊन उभी राहिली. बँक लुटायला निघालेलं माणूसही एवढा बंदोबस्त करून निघत नसेल.

रोजच्या गुबगुबीत बाई नेमक्या रजेवर होत्या. दारात एक उंच, नवीन बाई आल्या. तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी दार उघडलं होतं तेवढंसुद्धा परत लोटलं.

"आई," ठकीची आई छातीवर हात ठेवून मराठीत म्हणाली. "मी ठकीची आई."

उंच बाईंनी तोंडावरून हात फिरवून दाखवला. म्हणजे, हे काढा. तिने चष्मा काढला, ओढणी सोडली. तिच्या लालभडक, सुजलेल्या गालांवर पांढऱ्या मलमाचा थर होता आणि त्याला आता ओढणीचे धागे चिकटले होते. बाई एक पाऊल मागे सरकल्या. मग भिंतीवरच्या, मुलांना न्यायला येणाऱ्यांच्या फोटोंमधला ठकीच्या आईचा फोटो बघून आल्या आणि त्यांची मान ठामपणे नाही म्हणाली.

फोटो तिचाच होता, पण तिचा नव्हता. पाठवताना फोनमधल्या सोयीने तिने गाल गुळगुळीत करून घेतले होते, डोळे जरासे मोठे आणि हनुवटी जराशी निमुळती. तसा चेहरा तिला ना कालपर्यंत होता, ना आज.

"ठके!" शेवटचा उपाय म्हणून तिने दाराच्या फटीतून हाक मारली. "ठके, बाळा, ये गं!"

आईचा आवाज ऐकून ठकी धावत आली, पांढरं तोंड बघून जागीच थिजली, आणि भोकाड पसरून बाईंच्या पायांना चिकटली. झालं! आता उरलीसुरली शंकाही मिटली. उंच बाईंनी ठकीला आत पाठवलं, दाराला कडी घातली आणि खिडकीतून तिच्यावर नजर ठेवून स्वतःच्या फोनवरून बाबाला फोन लावला. तो गोदामाच्या कपाटात वाजत असणार. तेव्हा त्यांनी यादीतला तिसरा नंबर लावला, चेहरा दिसेल असा.

ठकीच्या आईने खिडकीकडे धाव घेतली. इथे ओळखीचं चिटपाखरू नसताना तिसरं माणूस कुठून आणायचं, म्हणून ठकीच्या बाबाने प्रवेशाच्या वेळी आपल्या आईचाच नंबर दिला होता.

"नको, नको! माफ करा!" तिने काचेवर थापा मारल्या. पण पडद्यावर आधी पांढरे केस आले, मग चष्मा, मग सबंध सासूबाई. उंच बाईंनी खिडकी किलकिली केली आणि फोन तिच्याकडे वळवला.

"कोण गं ही? काय पाहिजे?"

"आई, मी."

सासूबाईंनी चष्मा सरळ केला. "अगं बाई! भाजलं की काय?"

"नाही आई. गालावरच्या खड्ड्यांचं जरा काम करून घेतलं."

"खड्ड्यांचं काम? चेहरा आहे की रस्ता?" सासूबाईंचा आवाज चढला. "मी पसंत केली होती ना तुला? खड्ड्यांसकट केली होती! मला काय तेव्हा दिसत नव्हतं?"

"हो आई."

"हो काय हो? आणि एवढं लाल होईस्तोवर गप्प बसलीस? ओरडायचं नाही का?"

"जमलं नाही, आई."

"परक्या मुलखात एकटी गेलीस! मला सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला?"

"चुकलं आई."

उंच बाईंना यातलं अक्षर कळत नव्हतं. पण त्या आधी एकीकडे बघत होत्या, मग दुसरीकडे. इकडची मान खाली खाली जात होती, सुटलेली ओढणी आपोआप डोक्यावर सरकत होती. तिकडचं बोट पडद्यावर नाचत होतं. बाईंचा चेहरा हळूहळू सैल पडला. त्यांनी स्वतःच्या बोटातली अंगठी दाखवली, मग फोनकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या. नवऱ्याची आई?

ठकीच्या आईने मान हलवली. उंच बाईंनी खोल सुस्कारा सोडला, स्वतःच्या छातीवर हात ठेवून डोळे वर फिरवले, कडी काढली आणि फोन तिच्या हातात दिला. असली बोलणी अपहरण करणाऱ्या बाईला कोणी ऐकवत नाही.

तेवढ्यात आतून ठकी धावत आली. पांढऱ्या तोंडाला ती अजून भीत होतीच, म्हणून त्याच्याकडे न बघता पाठमोरीच आईच्या पायांपुढे उभी राहिली.

"आजी! माझ्या आईला बोलायचं नाही!"

सासूबाई एकदम थांबल्या. त्यांना खोकला आला. "नाही हं बोलत, सोन्या. जा, बूट घाल जा."

ठकी गेल्यावर ठकीची आई फोन परत द्यायला लागली.

"ठेवू नकोस," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मागे वळून बघितलं, आवाज खाली आणला. "फार दुखतं का गं?"

"नाही आई, तसं काही..."

"खरं सांग. मला खरं कळायला हवं."

चेहरा जवळ आला, आणखी जवळ आला, आणि पडदाभर फक्त गालावरचा एक तपकिरी डाग उरला.

"हा वांग. तुझा नवरा पोटात होता तेव्हापासूनचा. इतकी वर्षं पावडर थापतेय. जातो का गं असला तिथे?"

कायम समोर असलेला तो डाग ठकीच्या आईला आज पहिल्यांदा दिसत होता. उंच बाईंनीही खांद्यावरून वाकून तो नीट न्याहाळला आणि काहीतरी धीराचं बोलल्या.

"काय म्हणतायत त्या?"

"जाईल म्हणत असाव्यात, आई."

"मग मी आले की दोघी जाऊ," सासूबाई म्हणाल्या. "पण तू माझ्याशेजारी उभी राहा, आणि दुखलं की तूच ओरड. मला नाही बाई परक्या माणसांसमोर ओरडायला जमत."