बापाआधी आत गेलेली लेकरं

बापाशिवाय लेकरू होत नाही, हा निसर्गाचा नियम आहे. निसर्गाला उद्घाटनाची तारीख गाठायची नसते, म्हणून त्याला तो परवडतो.

इंडोनेशियात, जावा बेटावरच्या आमच्या नोंदणी कचेरीच्या नव्या संगणकातही हाच नियम होता: बापाची नोंद सापडल्याशिवाय लेकराची घ्यायची नाही. (फारच सोवळं यंत्र.) पण साहेब शुक्रवारी फीत कापणार होते, आणि बापांची फाइल अजून जिल्ह्याहून यायची होती. तेव्हा माहिती भरणाऱ्या बागासने ही तपासणी तात्पुरती बंद केली. लेकरं भराभर आत गेली. फीत कापली गेली.

मागाहून बाप आले. पण संगणकाला आडनाव सक्तीचं, आणि आमच्याकडची जुनी माणसं जन्मभर एका नावावर भागवतात. असे सगळे बाप दारातूनच परत गेले. मग बागासने इमानदारीत तपासणी पुन्हा चालू केली. ती नव्याने येणाऱ्यांनाच अडवते, आत बसलेल्यांना काही विचारत नाही. (सभ्यता म्हणतात ती हीच.)

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात तुमिजानकाका आले. शनिवारी त्यांच्या विदुरीचं लग्न. आमच्यात मुलगी बापाने द्यायची असते, आणि संगणकात विदुरीला बापच नव्हता.

"अरे, हा काय उभाय मी!" काका खिडकीतून ओरडले.

"दिसताय ना, काका," बागास म्हणाला. "पण आत नाही आहात."

"मग घाल की आत!"

"घालतो. आधी तुमच्या वडिलांची नोंद लागेल."

"त्यांचंही एकच नाव होतं. आता काय आदमबाबापर्यंत जाऊ?"

"त्यांनाही आडनाव लागेल, काका."

विदुरी रडकुंडीला आली. "दादा, एवढ्यापुरती बंद करा ना ती तपासणी!"

बागास दुखावला. "ताई, नियम म्हणजे नियम."

सुदैवाने आमचं सरकार मायाळू आहे. ज्या मुलीला बाप नाही, तिला ते बाप पुरवतं. शनिवारी आमच्या साहेबांनी विदुरीला दिलं, आणि छान दिलं. तुमिजानकाका पाहुण्यांत तिसऱ्या रांगेत बसले होते, शेजारच्याने त्यांना विचारलं, "तुम्ही कुणाकडचे?" मला फार वाईट वाटलं. जेवण मात्र उत्तम होतं.

तुम्ही हसताय, कारण तुमच्या कार्डावर वडिलांचं नाव ठळक छापलेलं आहे. विदुरीच्याही होतं.