सुटकेचा केक

व्हर्जिलने केक आदल्या दिवशीच आणून ठेवला आणि तिथेच माशी शिंकली. चांगला परातीएवढा केक, वर निळ्या साखरेत लिहिलेलं, ‘सुटलीस एकदाची!’

सुटणार होती त्याची बायको लॉरेटा. गावच्या सरकारी शाळेत ती गणित शिकवायची. सरकारी नोकरीत राहून दहा वर्षं शैक्षणिक कर्जाचे हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ, असा नियम. त्यापायी तिने शहरातल्या खासगी शाळेची दुप्पट पगाराची नोकरी नाकारली होती. आता शेवटचा हप्ता पोचला होता आणि फक्त वसुली करणाऱ्या संस्थेला फोन करायचा राहिला होता. संस्था राज्य सरकारची, तेव्हा फसवाफसवी नाही, असं व्हर्जिल सगळ्यांना सांगायचा.

तिने फोन लावला. बराच वेळ सॅक्सोफोनची धून ऐकवत ताटकळत ठेवल्यावर संस्थेचा ट्रेंट नावाचा माणूस मधाळ आवाजात म्हणाला, “मॅडम, तुमची तीनच वर्षं धरली गेलीत.”

“मी एकही हप्ता चुकवलेला नाहीये.”

“तेच तर. चौथ्या वर्षापासून तुम्ही दर महिन्याला थोडे जास्त भरताय.”

चौथ्या वर्षी लॉरेटाचं लग्न झालं होतं आणि तेव्हापासून घरची सगळी बिलं व्हर्जिलच भरायचा. तिने व्हर्जिलकडे पाहिलं. व्हर्जिलने केककडे पाहिलं. कुठलंही बिल असो, वर चार-पाच डॉलर घालून रक्कम गोल करायची, ही त्याच्या घराण्याची रीत. काटेकोर पैसे मोजणाऱ्याला त्याचे वडील कवडीचुंबक म्हणायचे.

“जास्त भरले तर बिघडलं कुठे?”

“जास्त भरलं की तुम्ही आगाऊ खात्यात जाता. आगाऊवाल्यांचं त्या महिन्याचं देणं शून्य. देणं नाही तर हप्ता नाही, हप्ता नाही तर मोजणी नाही.”

“अहो, पण पैसे तर दिले ना मी?”

“हो, मिळाले. आभारी आहोत.”

लॉरेटाने राज्याच्या तक्रार कार्यालयाला फोन लावला. ते म्हणाले, संस्था आमची असली तरी कारभार वेगळा, आम्ही कसे बोलणार? तिने संस्थेला कोर्टाची धमकी दिली. संस्था म्हणाली, आम्ही सरकार आहोत, सरकारवर असा सहज दावा ठोकता येत नाही. कोर्टाचं नाव काढलं की सरकार, तक्रार केली की परके. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

“मी चांगल्यासाठीच करत होतो गं,” व्हर्जिल म्हणाला.

“माहितीये रे. म्हणून तर तुला धड शिव्याही देता येत नाहीत.” आणखी सात वर्षं! ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

केक मात्र वाया घालवायची पद्धत त्या गावात नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत बक्षीस समारंभ होता, ज्याने त्याने घरून काहीतरी करून आणायचं. व्हर्जिलने टेबलावर बटाट्याच्या नि मक्याच्या भांड्यांच्या मधोमध केक ठेवून दिला. पाहुणे कोण, तर त्याच संस्थेचे एक साहेब. नफ्यातून शिष्यवृत्ती वाटायला आले होते. “‘सुटलीस एकदाची!’ वा, शाळा संपवणाऱ्या मुलीसाठी किती समर्पक,” असं म्हणत त्यांनी स्वतःच सुरी उचलली.

शिष्यवृत्ती मिळाली लॉरेटाच्या लाडक्या विद्यार्थिनीला, कॅसिडीला. माइक हातात घेऊन ती म्हणाली, “मला लॉरेटा मॅडमसारखं शिक्षक व्हायचंय. या पैशांत पुस्तकं येतील. बाकीच्यासाठी कर्ज काढणार आहे, तेही ह्यांच्याचकडे राहील. दहा वर्षांत माफ होतं म्हणे.”

टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी आभार मानायला लॉरेटाला पुढे केलं. साहेबांच्या मिशीला निळी साखर लागली होती. तिकडे बघतच लॉरेटाने माइक घेतला.

“खूप शीक, बाळा,” ती म्हणाली. “हप्ते वेळेवर भर. आणि लग्न केलंसच तर एखाद्या कवडीचुंबकाशी कर.”

सगळे पोट धरून हसले, साहेब सगळ्यांत जास्त. मग डोळे पुसत त्यांनी बशी व्हर्जिलपुढे केली. “अजून एक तुकडा द्या हो, लहानसाच.”

व्हर्जिलने लहानसा तुकडा कापून बशीत ठेवला आणि, सवयीने, वर आणखी थोडा घातला.