न वाजणारा पंखा

"पंखा वाजतोय तुमचा. खडखड, खडखड. घरात बसवत नाही," सूनबाईंनी फोनवर ठणकावून सांगितलं.

पंखा डोक्यावर गुपचूप फिरत होता. त्याच्याखाली आडव्या झालेल्या सासूबाईंनी चष्मा वर करून आधी पंख्याकडे आणि मग सुनेकडे पाहिलं.

"अगं, कुठं वाजतोय?"

"आई, शूः! संशोधन चाललंय."

सूनबाई कॉलेजात शिकवायच्या आणि डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहीत होत्या. विषय होता कंपन्यांची नीतिमत्ता. पद्धत त्यांची स्वतःची आणि मार्गदर्शक सरांना बेहद्द आवडलेली. घरातल्या एकेका वस्तूबद्दल कंपनीकडे खोटी तक्रार करायची आणि कोण कशी जबाबदारी झटकतं ते टिपून ठेवायचं. मिक्सरवाल्यांनी फोनच उचलला नव्हता. इस्त्रीवाल्यांनी 'तुमच्या घरची वीजच खराब' म्हणून हात वर केले होते. फ्रिजवाल्यांनी नुसतंच संगीत ऐकवलं होतं. राहता राहिली पंख्याची कंपनी. तीही काखा वर करणार याची सूनबाईंना इतकी खात्री होती, की शेवटचं प्रकरण त्यांनी आधीच लिहून टाकलं होतं: एकही कंपनी जबाबदारी घेत नाही. महिनाअखेर प्रबंध द्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिक शिडी घेऊन दारात हजर झाला.

"इतक्या लवकर?" सूनबाईंचा चेहराच पडला.

"तक्रार आली की दुसऱ्या दिवशी माणूस गेलाच पाहिजे. आमच्या मालकीणबाईंचा नियम आहे, मॅडम."

त्याने पंखा लावला, कान टवकारले, डोळे मिटले. "मला तर काही ऐकू येत नाही."

सूनबाईंनी आशेने पेन उघडलं. "म्हणजे तुम्ही जबाबदारी झटकताय?"

"छे हो! गिऱ्हाईक म्हणतं वाजतो, म्हणजे वाजतो. आमचेच कान कच्चे." असं म्हणून त्याने पंखा उतरवला, खोलला, तेल घातलं आणि परत टांगला. "आता?"

आता 'बरा झाला' म्हणावं, तर कंपनीने जबाबदारी घेतली असं होणार आणि शेवटचं प्रकरण पाण्यात जाणार. सूनबाईंनी मनाचा हिय्या केला. "वाजतोच आहे. उलट वाढलाय."

कधीतरी कंटाळतील की! पण कंपनीही हट्टाला पेटली होती. मेकॅनिक पुढच्या खेपेला सुपरवायझरला घेऊन आला, त्याच्या पुढच्या खेपेला आवाज मोजायचं यंत्र आणि ते समजणारा इंजिनियर. प्रत्येक वेळी पंखा खाली, सुटा, पुन्हा वर. नवा बसवून देतो म्हणाले, तर सूनबाईंनी 'बदलून देणं ही पळवाट आहे' असं सुनावलं. इंजिनियरने ते वाक्य मान डोलवत ऐकून घेतलं.

"माझी दुपारची झोप तुझ्या नीतिमत्तेने खाल्ली बघ," सासूबाई चहाचे कप गोळा करत म्हणाल्या. "त्यांनी कुणी तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. गुणी माणसं आहेत गं."

"तीच तर अडचण आहे, आई!"

मग एक दिवस मेकॅनिक एकटाच आला. शिडीसुद्धा आणली नव्हती.

"मालकीणबाई म्हणाल्या, इंजिनियरला दोष सापडत नाही म्हणजे दोष खोलातला आहे. उद्यापासून हा पंखा बनवणं बंद. जोडणी खात्यातली सगळी माणसं घरी." त्याने वर पाहिलं. "माझी बायको जोडणी खात्यात आहे, मॅडम. ती म्हणते, आमच्या हातून चूक झाली असेल तर बरोबरच आहे."

तो गेला. सूनबाईंनी तातडीने सरांना फोन लावला.

"वाजतोय असंच म्हणत राहा," नीतिशास्त्राच्या सरांनी सल्ला दिला. "पदवी मिळेपर्यंत तरी."

सूनबाईंनी फोन ठेवला, पदर खोचला आणि सरळ मालकीणबाईंना फोन लावला. प्रबंध, पद्धत, खोटी तक्रार, सगळं घडाघडा सांगून टाकलं.

"म्हणजे पंखा वाजत नव्हता?" मालकीणबाईंनी विचारलं.

"कधीच नाही."

"नक्की? पुन्हा फिरवाफिरवी नको."

"अगदी शपथेवर सांगते. पंख्यात काही दोष नाही. सगळा दोष माझा."

"मग तक्रार कायमची बंद करते. आणि जोडणी खातं उद्या नेहमीप्रमाणे चालू." मालकीणबाई पुढे म्हणाल्या, "स्वतःहून जबाबदारी घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहिलं हो."

सूनबाईंना हलकं हलकं वाटलं. शेवटचं प्रकरण त्यांनी फाडून टाकलं. महिनाअखेरचं महिनाअखेरीस बघू. नवं लिहायचं, खरं लिहायचं, असं ठरवून त्या टेबलाशी बसल्या आणि सासूबाई किती तरी दिवसांनी निवांत आडव्या झाल्या.

"लाव गं पंखा."

सूनबाईंनी बटण दाबलं. पंखा फिरू लागला. खड्. खडखड. खडखड, खडखड, खडखड.

इतक्या वेळा खोलल्यावर कुठल्याही पंख्याने दुसरं काय केलं असतं?

दोघी वर बघत राहिल्या. सूनबाईंचा हात फोनकडे गेला, तिथेच घुटमळला आणि मुकाट्याने मागे आला. उठून त्यांनी शेजाऱ्यांकडून शिडी मागून आणली.

"धरते मी शिडी," सासूबाई उठत म्हणाल्या. "पण जबाबदारी तुझी हं."