रिकाम्या टोपलीच्या मागे

मला गाडी चालवायची भीती वाटते. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. तोंडानं तर कधी उच्चारलंच नाही, बायकोजवळसुद्धा नाही. दारात गाडी उभी आहे, खिशात परवाना आहे. दर रविवारी मी ती धुतो, सुरू करतो, इंजिनाचा आवाज गल्लीला ऐकवतो आणि बंद करतो. बाहेरगावी जायचं झालं की ड्रायव्हर बोलावतो आणि वर म्हणतो, ‘‘तेवढंच आरामात बोलत जाता येतं.’’ अमरावतीतल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, त्यामुळे गप्प राहून निभावून नेण्याची सवय आहे. पण हे लिखाण माझ्याबद्दल नाही, माझ्या सासऱ्यांबद्दल आहे. त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

सासऱ्यांचं नाव पुंडलिकराव. आमच्याकडच्या रीतीनं मी त्यांना मामाजी म्हणतो. मूळचे शेंदूरजनाघाटचे, घरची संत्र्याची बाग. पुढे अकोल्यात फळांची अडत केली, आणि आता जठारपेठेतल्या घराच्या ओट्यावर बसून जगातल्या बेटांचा कारभार पाहतात. गंमत नाही करत. समुद्रातल्या सहलीचं जहाज कोणत्या बेटाला किती वेळ थांबतं, धक्का गावात आहे की गावाबाहेर, आणि तिथून भाड्यानं गाडी न घेता माणसानं कुठं जाऊन वेळेत परत यावं, हे मामाजींना विचारा. न विचारताही सांगतात. ओळखीतलं कोणी जहाजानं जाणार अशी नुसती कुणकुण लागली, की नकाशाची गुंडाळी काखेत मारून त्यांच्या दारात हजर.

‘‘गाडी घेऊन राहिले का तिथं?’’ हा पहिला प्रश्न.

समोरचा ‘हो’ म्हणाला की मामाजी कपाळाला हात लावतात. ‘‘काऊन बाप्पा? काचेतून बेट पाहाले जाता का? काचेतून त टीव्हीबी दिसते!’’

त्यांचा सिद्धान्त बाजारातून आलेला आहे. बेट कोणतंही असो, तिथं सकाळी भाजीबाजार भरणारच. भाजी आणणाऱ्या बाया काही मोटारी भाड्यानं घेऊन येत नाहीत. माल विकला की त्या दुपारच्या आत आपल्या गावी परत निघतात. ‘‘भरल्या टोपलीच्या मांगं गेलं त बाजार सापडते,’’ मामाजी सांगतात, ‘‘आन् रिकाम्या टोपलीच्या मांगं गेलं त गाव सापडते. याच्याहून जास्त नकाशा लागत नाई.’’ मग काखेतली गुंडाळी कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. ‘‘लोकायचा इश्वास बसाले,’’ ते म्हणाले.

त्यांची आणखी एक ख्याती सांगून ठेवतो, पुढे लागेल. संत्री मोजताना अडतीवरचा माणूस दोन्ही हातांत मिळून पाच फळं उचलतो आणि टोपलीत टाकतो. मामाजी हे काम बोलता बोलता, भांडता भांडता, कोणाकडे तरी पाहून हसता हसता करत. त्यांच्या हातून एक संत्रं खाली पडलेलं अकोल्याच्या बाजारात कोणी पाहिलेलं नाही. ‘‘हात सांडला त माणूस सांडला,’’ असं ते म्हणत.

आता ते जहाज. मागच्या धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणून मला जेवायला बोलावलं होतं. तेहतीस अनारशांचं ताट समोर आलं. मी वरचे अनारसे उचलले तर खाली तिकिटं! सिंगापूरहून निघणारं जहाज. पेनांग, फुकेत, लंकावी ही बेटं. मी, माझी बायको वर्षा, मामाजी, मामीजी आणि पुण्याचा मेहुणा प्रशांत, असे पाचजण. मी संकोचलो. ‘‘मामाजी, इतकं कशाला?’’

‘‘चूप बसा, जवाईबापू. जवायाचा मान म्हंजे काचेचं भांडं. ज्याच्या घरी ठेवलं त्यानं सांभाळावं लागते.’’

मग तयारी. मामाजींनी आधी रंगीत तालीम जाहीर केली. समजा अचलपूर हे बेट. अमरावतीहून जाणारी एसटी हे जहाज. चारला जहाज परत निघणार. मधल्या वेळात ऑटोला हात न लावता बेट पाहायचं. आम्ही खरोखरच गेलो. रिकाम्या टोपलीच्या मागे गेलो, एका मळ्यात पोचलो, वांगी पाहिली, ताक प्यालो, अचलपूरला लागूनच असलेल्या परतवाड्याच्या स्टँडवर वेळेआधी आलो. गाडी लागली. आणि प्रशांत म्हणाला, ‘‘बाबा, एक कचोरी खाऊन येतो, दोन मिनिटं.’’

चार वाजले. गाडी हलली. खिडकीतून मला प्रशांत दिसला, एका हातात कचोरी, दुसऱ्या हातात चटणीचा कागद, तोंड उघडं. मी धडपडत घंटीच्या दोरीकडे हात नेला, तर मामाजींनी माझं मनगट धरलं.

‘‘जहाजाले दोरी नसते,’’ ते म्हणाले.

प्रशांत पुढच्या गाडीनं आला आणि आठवडाभर बापाशी बोलला नाही. मामीजी मात्र त्याला म्हणाल्या, ‘‘अरे, इथं सोडलं थे बरं झालं. तिकडे सोडलं असतं त तुले कचोरीबी नसती भेटली.’’

पेनांगला धक्का गावातच होता. मामाजी सकाळी बाजारात उभे राहिले, रिकाम्या टोपल्यांची एक म्हातारी हेरली आणि आम्ही तिच्यामागून बसमध्ये चढलो. बस बेटाच्या पाठीमागच्या गावात गेली. तिथं जायफळाच्या बागा होत्या. मामाजी एका बागवानाशी बराच वेळ झाडाच्या कलमाबद्दल बोलले. हा वऱ्हाडीत, तो मलयमध्ये, आणि दोघंही माना डोलवत होते. वर्षा म्हणाली, ‘‘बाबांना काय कळून राहिलं असेल?’’ मी म्हणालो, ‘‘त्याला काय कळत असेल ते विचार.’’ सगळे हसले. मामाजींची टिंगल करण्यात मी नेहमीच पहिला असे, हे इथं नोंदवून ठेवतो.

फुकेतला मात्र सिद्धान्त अंगाशी आला. तिथं मामाजींनी रिकामी टोपली घेतलेला एक तरुण निवडला. तो मागून उघड्या, दोन बाकड्यांच्या टेम्पोत बसला, आम्हीही बसलो. ‘‘बाबा, ही गाडीच झाली ना?’’ प्रशांतनं डाव साधला.

‘‘जिच्यात दुसऱ्याच्या कोंबड्या बसतात थे गाडी नोय. थे एसटी.’’ आणि कोंबड्या खरंच होत्या.

तरुण उतरला, आम्ही उतरलो. तो एका गल्लीत वळला, आम्ही वळलो. त्यानं मागं पाहिलं आणि पावलं उचलली. मामाजींनीही उचलली. शेवटी तो पळतच आपल्या घरात शिरला आणि दार लावून घेतलं. शेजारपाजारचे जमले. पाच अनोळखी माणसं, त्यांत एक धोतरवाला, आपल्या पोराच्या मागे का लागली आहेत, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. मामीजींनी पिशवीतून संत्रा बर्फीचा डबा काढला आणि सर्वांत रागीट बाईच्या हातावर एक वडी ठेवली. थोड्या वेळानं आम्ही त्यांच्या अंगणात बसून नारळ पीत होतो. ‘‘पाह्य,’’ मामाजी प्रशांतला म्हणाले, ‘‘गाव सापडलं का नाई?’’

लंकावीला धक्का गावापासून फार दूर. बस नाही. बाजार नाही, म्हणून टोपली नाही, ना भरलेली, ना रिकामी. मामाजी धक्क्यावर इकडून तिकडे हिंडले आणि पहिल्यांदाच त्यांचा नकाशा उघडला गेला. एवढ्यात प्रशांत आला. हातात चावी नाचवत.

‘‘घेतली गाडी! पैसेपण भरले. बाबांचं खूप ऐकलं. आज डोंगरावरून समुद्र बघायचा. भाऊजी चालवणार. त्यांच्याकडे परदेशात चालणारा परवाना आहे.’’

होता माझ्याकडे. ‘असू द्या, कामी येईल,’ म्हणून वर्षानं मला आरटीओत नेऊन काढवला होता, आणि नाही म्हणायला मला कारण सुचलं नव्हतं. स्वतः प्रशांत दुचाकीच्या पुढे कधी गेला नव्हता. त्यानं चावी माझ्या तळहातावर ठेवली. वर्षा इतकी आनंदली होती की तिनं लगेच गॉगल लावला.

चावी हातात आली आणि मला आमचा घाट दिसला. काही वर्षांपूर्वी चिखलदऱ्याहून उतरताना, दुपारची वेळ, गाडी मी चालवत होतो. शेजारी वर्षा, मागे मामाजी-मामीजी, सगळे झोपलेले. माझाही डोळा लागला. क्षणभरच. उघडला तेव्हा पुढचं चाक कडेच्या दगडांवर चढलेलं होतं आणि काचेत रस्ता नव्हता, नुसती हवा होती. मी गाडी मागे घेतली. पुढच्या वळणावर थांबलो, उतरलो, झाडाआड जाऊन ओकलो, आणि बॉनेटवर दोन्ही हात टेकून रडलो. मग तोंड धुऊन परत आत बसलो. कोणी जागं झालं नव्हतं. कोणाला कळलं नाही, असं मी धरून चाललो. पण त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला की तळवे भिजतात.

धक्क्यावरही भिजले. मी चावीकडे पाहत होतो आणि चौघं माझ्याकडे.

‘‘कशी असते बा इकडची चावी? पाहू द्या,’’ मामाजी म्हणाले. माझ्या हातातून त्यांनी ती उचलली, कठड्याशी उजेडात नेली, उलटसुलट केली. आणि चावी त्यांच्या बोटांतून निसटली. खाली समुद्र. ‘डुब’ असा आवाजही नीट झाला नाही.

पुढचे तास गाडीवाल्याची समजूत घालण्यात गेले. भुर्दंड मामाजींनी भरला. बेट पाहायचं राहिलं ते राहिलंच. दशम्या आणि ठेचा धक्क्यावर बसून खाल्ला. प्रशांत ओरडला, ‘‘बाबा, इतक्या लांब येऊन धक्का बघायचा?’’ वर्षा गॉगल काढून रडली आणि बापाला म्हणाली, ‘‘तुमच्या हट्टापायी सगळ्यायचा दिवस गेला.’’ मामाजींनी मान खाली घातली. आणि मी? मी हसत म्हणालो, ‘‘मामाजींपुढे कोणाचं चालतं? म्हातारपणी हात सांडायला लागले आता!’’ सगळ्यांना तेवढाच विरंगुळा मिळाला. मामाजीही हसले. पुढे वर्षभर नातेवाइकांत हा किस्सा मी रंगवून सांगितला, चावी निसटण्याच्या नकलेसकट.

गेल्या महिन्यात अकोल्याला गेलो होतो. बसनं. मामीजी स्वयंपाकघरात संत्र्याच्या साली वाळत घालत होत्या. बोलता बोलता मी पुन्हा तो चावीचा किस्सा काढला. त्या हसल्या नाहीत.

‘‘जवाईबापू,’’ त्या म्हणाल्या, ‘‘यायले गाडीची काय कमी हौस होती? तरुणपणी संत्र्याचा टेम्पो सोता चालवत. नवी मोटार दिसली का पुढच्या सीटवर बसल्याशिवाय जीव नाई राहाचा. मंग थे घाटातलं झालं.’’

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. ‘‘घाटातलं काय, मामीजी?’’

‘‘तुमी गाडी थांबवून रडले ना. आमी दोघंबी जागेच होतो. मी उठून राहिली होती, त यायनं माहा हात दाबला. म्हणे, डोये मिटून राय. जवायाले दिसलं का आपण पाह्यलं, त थो मान वर करून आपल्या घरी येणार नाई.’’ त्यांनी एक साल उलटून ठेवली. ‘‘तवापासून यायचं हे सुरू झालं. गाडी नाई, गाडी नाई. का तुमाले कोणी चालवा म्हणू नये.’’

पुस्तकं क्रमानं लावणारा माणूस मी. घाट आधी, सिद्धान्त नंतर, एवढा साधा क्रम मला इतकी वर्षं लावता आला नाही.

मी ओट्यावर आलो. मामाजी मॉरिशसचा नकाशा मांडून बसले होते. शेजारी संत्र्यांची टोपली होती. ‘‘इथं एक कडा हाय म्हणते,’’ बोट ठेवून ते म्हणाले, ‘‘तिथून पुरा समुद्र दिसते. पन बस नाई जात.’’ बोट किंचित रेंगाळलं. ‘‘जाऊ द्या. काय ठेवलं कड्यावर?’’

‘‘मामाजी, लंकावीला ती चावी खरंच निसटली होती?’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ‘‘म्हतारा झालो, जवाईबापू. सांडते हात.’’ आणि नजर नकाशावर ठेवून, दोन्ही हातांत मिळून पाच संत्री उचलून त्यांनी माझ्या पिशवीत टाकली. पुन्हा पाच. पुन्हा पाच. एकही खाली पडलं नाही.

सध्या मी सकाळी कॉलेजच्या रिकाम्या मैदानावर गाडी घेऊन जातो. दुसऱ्या गिअरच्या वर अजून गेलो नाही. पण तळवे पुसायला फडकं ठेवलं आहे आणि मी पुन्हा रस्त्यावर गाडी चालवणार आहे, याबद्दल मला शंका नाही. हे छापून आलं की वर्षा वाचेल. तिला तोंडानं सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून ते इथं सांगतो. लंकावीचा दिवस तिच्या बापानं नाही, मी घालवला.

मामाजींचं एकच देणं माझ्याकडून फिटायचं राहिलं आहे. त्यांना पुढच्या सीटवर बसवून मी तो घाट एकदा उतरायचा आहे, आणि उतरताना त्यांना खरीखुरी झोप लागली पाहिजे.