चौथ्या रॅकच्या वळणावरचा हॉर्न

नोकरीच्या शेवटच्या दिवशी काकांच्या हातात फोर्कलिफ्टची किल्ली नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवावेत हेच त्यांना कळत नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी गोदामात फोर्कलिफ्ट चालवली, पण कुणाच्या बुटालाही चाक लागू दिलं नाही. किल्ली सकाळीच त्यांनी स्वतः शिकवलेल्या पोरीकडे दिली होती. आता एकच काम उरलं होतं. चार वाजता निरोपाच्या कार्यक्रमात फाटकाजवळच्या 'अपघाताविना दिवस' या पाटीवर दोन हजारचा आकडा लिहायचा. त्यासाठी खिशात नवा कोरा खडू होता.

चारला पाच कमी असताना काका निघाले. पायी चालणाऱ्यांसाठी भिंतीकडेने पिवळा पट्टा आखलेला होता. पण पाय सवयीने मधल्या, फोर्कलिफ्टच्या रस्त्याला लागले. चौथ्या रॅकपाशी पलीकडचं काही दिसत नाही. तिथे दोनदा हॉर्न दिल्याशिवाय ते कधी वळले नव्हते. फार पूर्वी जुन्या गाडीचा हॉर्न बिघडला, तेव्हा चार महिने त्यांनी तो तोंडानेच वाजवला होता. काय दिवस होते ते! काकांनी गाल फुगवले.

"पों! पों!"

वळणापलीकडे पोरीने करकचून ब्रेक लावला आणि दोनदा हॉर्न दिला. काकांनी इमानाने उत्तर दिलं. समोरून हॉर्न आला की जागचं हलायचं नाही, हे त्यांनीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. ती हलेना, हेही हलेनात. तिच्यामागे दुसरी फोर्कलिफ्ट अडकली, मग तिसरी, आणि सगळ्यांनी मिळून हॉर्नचा सपाटा लावला.

सुरक्षा अधिकारी धापा टाकत आले. "अहो काका, गाडी कुठाय?"

काकांनी खाली पाहिलं. खाली फक्त त्यांचे बूट होते. त्यांचं तोंड पार उतरलं. "साहेब, माझं नाव वहीत लिहा हवं तर. पण पाटी शून्यावर आणू नका हो."

"अपघात झालायच कुठे, सर?" पोरगी खाली उतरत म्हणाली. "मी थांबले की! यांनीच शिकवलंय."

साहेबांनी हसू दाबलं. "पाटी राहील तशीच. पण या रस्त्यावर पायी सापडला की अर्धा तास सुरक्षेच्या वर्गात बसायचं, नियम आहे. आणि वर्ग आता हीच घेते."

निरोपाचा कार्यक्रम अर्धा तास पुढे गेला. काका पहिल्या बाकावर बसले.

"चालणाऱ्याने समजायचं, की चालकाला आपण दिसतच नाही," पोरगी सांगत होती. शब्द न् शब्द काकांचा. त्यांना गलबलून आलं.

"जरा मोठ्याने बोल गं," ते म्हणाले, "मागे ऐकू जात नाही."

मागे कुणीच नव्हतं.

मग दोघं पिवळ्या पट्ट्यावरून फाटकाकडे निघाली. चौथ्या रॅकशी काका थांबले, पण तोंड घट्ट मिटून. आत्ताच शिक्षा भोगून आलेला माणूस! पोरीने साहेब कुठे दिसतात का ते पाहिलं आणि गाल फुगवले.

"पों! पों!"

समोरून काही उत्तर आलं नाही. काकांनी खिशातला खडू चाचपला आणि वळण घेतलं.